समुद्रातली भिंत आणि वाळूचा ताळेबंद

अलिबाग तालुक्यातील सहलीहून परत आलेल्या आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने मध्यंतरी एक प्रश्न विचारला. किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांची मुळे उघडी पडलेली तिने पाहिली होती. लहानपणी ज्या पुळणीवर ती खेळली होती, ती निम्म्याने अरुंद झाली होती. कोठेतरी तिच्या वाचनात आले होते की, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, भर पाण्यात, दगडांची एक भिंत घातली म्हणजे तिच्या मागे वाळू आपोआप साचू लागते आणि गेलेली पुळण परत येते. "मग सर, सरकार अशा भिंती सगळीकडे का घालीत नाही? पैसा नाही म्हणून?"

तास अर्थशास्त्राचा होता आणि प्रश्न समुद्राचा. तरीही तो योग्य तासालाच विचारला गेला, असे आता विचारांती वाटते. त्या वेळी मी जे उत्तर दिले ते अपुरे होते. पैसा हे एक कारण आहेच. परंतु ते दुय्यम आहे. खरी अडचण अशी की, भिंत वाळू निर्माण करीत नाही. ती वाळूची जागा बदलते. एकाच्या दारात जमा झालेली वाळू दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यातून वजा झालेली असते, आणि ते दुसरे खाते आपल्याकडे कोणी लिहून ठेवीत नाही.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांना समुद्र नाही. जिल्ह्याचे नाव कुलाबा होते तेव्हाही नव्हता आणि १९८१ साली ते रायगड झाले म्हणून तो जवळ आला असेही नाही. तेव्हा घाटाच्या पायथ्याशी बसून समुद्रातल्या भिंतींची चर्चा करण्याचे प्रयोजन काय, असे वाचक विचारतील. प्रयोजन आहे, ते ओघात येईलच. आधी ही भिंत काम कशी करते ते पाहिले पाहिजे.

समुद्राशी झुंजणारी बांधकामे सर्वसामान्य माणसाला एकसारखीच दिसतात. वस्तुतः त्यांचे तीन वेगळे प्रकार आहेत. कोकणात गावोगावी दिसणारा धूपप्रतिबंधक बंधारा हा किनाऱ्याला चिकटून, जमिनीच्या कडेने बांधलेला असतो. तो मागची जमीन राखतो. पुढची पुळण राखण्याची जबाबदारी तो घेत नाही. किंबहुना लाट त्याच्यावर आपटून परत फिरते तेव्हा पायाजवळची वाळू खरवडून नेते. दुसरा प्रकार बंदराच्या भिंतीचा. ती किनाऱ्यापासून निघून समुद्रात शिरते आणि होड्यांना आडोसा देते. तिसरा प्रकार आपल्या प्रश्नातला. ही भिंत किनाऱ्याला कोठेही टेकत नाही. किनाऱ्याला साधारण समांतर अशी ती पाण्यात एकटी उभी असते. काही ठिकाणी पाण्यावर दिसते, काही ठिकाणी पूर्ण बुडालेली असते. इंजिनिअर मंडळी तिला सुटे ब्रेकवॉटर म्हणतात. आपण तिला सुटी भिंत म्हणू.

तिचे कार्य समजण्यासाठी समुद्रापर्यंत जाण्याची गरज नाही. मार्च-एप्रिलमध्ये कर्जतला उल्हास नदीच्या पात्रात उतरावे. पात्रातल्या एखाद्या मोठ्या धोंड्याच्या खालच्या अंगाला, जेथे प्रवाहाचा जोर पोहोचत नाही, तेथे वाळूची एक निमुळती जीभ साचलेली दिसते. वाळू वाहून नेण्यासाठी पाण्याला वेग लागतो. वेग मंदावला की पाणी आपले ओझे खाली ठेवते. समुद्रात हेच घडते, मात्र तेथे प्रवाहाची जागा लाटा घेतात. लाट किनाऱ्याकडे बहुधा तिरकी येते. त्या तिरकेपणामुळे किनाऱ्यालगत एक प्रवाह उत्पन्न होतो आणि लाटांनी ढवळलेली वाळू त्या प्रवाहाबरोबर किनाऱ्याच्या कडेकडेने सरकत राहते. मध्ये सुटी भिंत आली की तिच्या मागच्या पाण्यात लाटांची जणू सावली पडते. सावलीत शिरताच प्रवाहाचा जोर ओसरतो आणि वाळू तेथेच बसते.

याखेरीज आणखी एक गोष्ट घडते, ती नदीत दिसत नाही. भिंतीच्या दोन्ही टोकांना वळसा घालून लाटा आत शिरतात. भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ज्याला विवर्तन म्हणतात तेच हे. वळलेल्या लाटा दोन्ही बाजूंनी सावलीच्या मध्याकडे येतात आणि येताना आजूबाजूची वाळू बरोबर आणतात. परिणामी भिंतीच्या मागे किनाऱ्याला नाकासारखा फुगवटा येतो. भिंत लांब असेल आणि किनाऱ्याच्या जवळ असेल तर हे नाक वाढत वाढत थेट भिंतीला जाऊन टेकते आणि वाळूचा सेतू तयार होतो. भिंतीची लांबी तिच्या किनाऱ्यापासूनच्या अंतराहून जास्त असली तर सेतूचा संभव अधिक, आणि ती त्या अंतराच्या निम्म्याहून कमी असली तर नुसता फुगवटा, असा एक ठोकळ आडाखा आहे. प्रत्यक्षात भरती-ओहोटीचा फरक, लाटांची उंची, भिंतीचा माथा पाण्यावर आहे की पाण्याखाली, दोन भिंतींमधली फट केवढी, या सर्वांचा त्यात हिशेब असतो. निसर्गानेही असे आडोसे केलेले आहेतच. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येते हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. किनाऱ्याजवळच्या खडकाळ बेटाकडून समुद्र अडवला जातो म्हणजे काय होते, ते त्या ओल्या वाटेवर उभे राहून पाहता येते.

सेतू झाला म्हणजे काम फत्ते झाले, असे कोणालाही वाटेल. अडचण येथूनच सुरू होते. किनाऱ्याच्या कडेने सरकणारी वाळू आता सेतूशी अडते. तिच्या पुढच्या वाटेवरच्या गावाला दरवर्षी मिळणारा वाळूचा पुरवठा तुटतो. लाटा मात्र त्या गावाकडून आपली वसुली पूर्वीप्रमाणेच करीत राहतात. आवक बंद आणि जावक चालू, अशा स्थितीतल्या दुकानाचे जे होते तेच त्या पुळणीचे होते.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सांता मोनिका येथे हा अनुभव नव्वद वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे. १९३४ साली तेथे हौशी शिडाच्या होड्यांना आसरा मिळावा म्हणून सुमारे २,००० फूट लांबीची सुटी भिंत किनाऱ्यापासून जवळपास तितक्याच अंतरावर घालण्यात आली. हेतू होड्यांचा होता. समुद्राने वाळूचा धंदा मांडला. भिंतीच्या मागे किनारा फुगत गेला आणि होड्यांसाठी राखलेले पाणी उथळ होऊ लागले. त्याच वेळी वाळूच्या वाटेवरचा पुढचा किनारा झिजू लागला. शेवटी आत साचलेली वाळू यंत्राने उपसून पुढच्या किनाऱ्यावर टाकावी लागली. म्हणजे समुद्र जे काम फुकट करीत होता, ते आता नगरपालिकेने पैसे मोजून करायचे.

इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यातील सी पॅलिंग या गावी याच्या पुढची पायरी पाहावयास मिळते. १९५३ च्या भीषण पुराचा तडाखा बसलेला हा सखल किनारा. १९९० नंतरच्या दशकात तेथे दोन टप्प्यांत नऊ सुट्या भिंती घातल्या गेल्या. पहिल्या टप्प्यातल्या भिंतींच्या मागे वाळूचे सेतू होऊ लागलेले पाहून दुसऱ्या टप्प्यातल्या भिंती आखूड आणि ठेंगण्या करण्यात आल्या, जेणेकरून थोडी लाट आणि थोडी वाळू पुढे जात राहावी. पहिल्या टप्प्याचे मोजमाप करून दुसऱ्या टप्प्याचा आराखडा बदलणे ही गोष्ट ऐकायला साधी आहे. आपल्याकडच्या किती सार्वजनिक कामांबद्दल असे म्हणता येईल, याचा वाचकांनीच विचार करावा.

आपल्या देशातील सर्वांत बोलके उदाहरण पुदुच्चेरीचे आहे. पूर्व किनाऱ्यावर वर्षाकाठी लक्षावधी घनमीटर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. १९८६ ते १९८९ या काळात पुदुच्चेरी बंदराच्या भिंती या वाटेत आडव्या आल्या. दक्षिणेला वाळू साठली आणि उत्तरेला शहराची प्रसिद्ध पुळण पाहता पाहता नाहीशी झाली. अडलेली वाळू उपसून पलीकडे टाकण्याची योजना मूळ आराखड्यात होती. ते काम नियमितपणे झाले नाही. मग शहर वाचवण्यासाठी दगडांचे बंधारे आले आणि एका पिढीने वाळूऐवजी धोंडेच पाहिले. पुढे चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली २०१८ साली तेथे पाचरीच्या आकाराचा एक बुडीत लाटरोधक बसवण्यात आला. त्याला बंदराच्या तोंडातून उपसलेल्या वाळूची जोड देण्यात आली. थोड्याच काळात शहरासमोर वाळू दिसू लागली आणि लोक पुन्हा तिच्यावर चालू लागले.

सुट्या भिंतीच्या बाजूने यापेक्षा चांगला पुरावा मिळणे कठीण, आणि तो मान्य केला पाहिजे. 'समुद्रात काहीही बांधू नये' असा सरसकट पक्ष घेणारे काही जण असतात; त्यांच्यात मी नाही. परंतु पुदुच्चेरीला हे साधले ते कशाच्या बळावर, हेही त्याबरोबर पाहिले पाहिजे. तेथे सरकत जाणाऱ्या वाळूचा एक मोठा ओघ होता आणि वाटेतल्या बंदरात वाळूची एक ठेव अडकून पडलेली होती. खात्यात शिल्लक होती, म्हणून धनादेश वटला.

कोकणचे खाते निराळे आहे. आपला किनारा पूर्व किनाऱ्यासारखा सरळसोट नाही. सह्याद्रीचे फाटे समुद्रात घुसलेले, दोन भूशिरांच्या मध्ये एक पुळण, पलीकडे खाडी, मग पुन्हा भूशिर, अशी त्याची ठेवण आहे. काशीदच्या पुळणीवर उभे राहिले की हे ध्यानात येते. अशा कोंदणातल्या पुळणीत बाहेरून येणारी वाळू थोडी आणि बाहेर जाणारीही थोडी. मुख्य व्यवहार चालतो तो किनारा आणि समोरचा उथळ समुद्रतळ यांच्यामध्ये, आणि तो ऋतूंप्रमाणे चालतो. ज्येष्ठ-आषाढात उंच, खवळलेल्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि काही अंतरावर पाण्याखाली तिचा उंचवटा करून ठेवतात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवू लागतो. हळुवार, लांब लाटा तीच वाळू थोडी थोडी करून परत आणतात आणि थंडीपर्यंत पुळण भरून निघते. किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना हे कोणी शिकवावे लागत नाही. ऑगस्टमध्ये पाहणी करून 'किनारा वाहून गेला' असा अहवाल देणारा अधिकारी आणि जानेवारीत येऊन 'सर्व ठीक' म्हणणारा अधिकारी, दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात आणि दोघेही निरुपयोगी असतात.

अशा बंदिस्त पुळणीसमोर सुटी भिंत घातली तर तिच्या मागे फुगणारे वाळूचे नाक येणार कोठून? त्याच उपसागराच्या दोन टोकांकडून. मध्यावर हॉटेले आणि वाहनतळ असले व टोकाला कोळीवाडा असला, तर कोणाची वाळू कोणाकडे गेली हे निराळे सांगावयास नको. हे अटळ आहे असे मी म्हणत नाही. ठेंगणी, बुडीत भिंत पावसाळ्यातल्या ओढीचा जोर थोडा कमी करू शकेल आणि बाहेरून आणलेली वाळू आधी टाकून दिली तर टोकांवरचा भारही हलका होईल. पण 'बाहेरून आणलेली वाळू' हे तीन शब्द अंदाजपत्रकात लिहिले की रक्कम बदलते, आणि दरवर्षी बदलत राहते.

रत्नागिरीजवळचा मिऱ्या हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा किनारा आहे. तेथल्या ज्या भागाला पांढऱ्या वाळूमुळे 'पांढरा समुद्र' म्हणतात, त्याची धूप ही रत्नागिरीकरांची जुनी तक्रार. जवळच्या बंदरांच्या भिंतींशी या धुपीचा संबंध अनेक वर्षे जोडला जात आहे. आशियाई विकास बँकेने २०१० साली कर्नाटक व महाराष्ट्र यांच्यासाठी किनारा संरक्षणाचा जो कार्यक्रम मंजूर केला, त्यात मिऱ्याचे नाव होते. भर नुसत्या बंधाऱ्यांवर नव्हे तर समुद्रातले बुडीत आडोसे आणि वाळूची भरणी अशा उपायांवर होता. कर्नाटकात उल्लाळ येथे असे आडोसे झालेही. मिऱ्याला गेल्या काही वर्षांत ठळकपणे उभे राहिलेले काम मात्र किनाऱ्यालगतच्या दगड आणि टेट्रापॉडच्या बंधाऱ्याचे आहे. वस्ती वाचवायची तर तो बांधावा लागला असेल. पावसाळी उधाणाच्या रात्री ज्यांच्या अंगणात पाणी येते त्यांना वाळूच्या ताळेबंदाची व्याख्याने ऐकवणे क्रूरपणाचे ठरेल. तरीही बंधाऱ्याने घर राखले आणि पुळण सोडून दिली, ही नोंद खर्चाच्या बाजूला व्हावयास हवी.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. मुंबईहून वाहनांसह माणसांना आणणारी रो-रो बोट २०२० पासून मांडव्याला लागते. तिच्यासाठी तेथे लाटरोधक भिंत उभारण्यात आली. ही सेवा सुरू होण्याआधीच मांडव्याच्या धक्क्यापाशी साचणाऱ्या गाळाने खोळंबा केला होता आणि बोटीला पुरेसे पाणी मिळावे म्हणून गाळ काढणे हा तेथल्या कामाचा भागच होऊन बसला. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. धरमतर खाडीचे मुख तेथून जवळ. पाणी गढूळ. भिंतीने पाणी शांत केले की त्यात तरंगणारे जे असेल ते खाली बसणारच. आडोसा वाळू आणि चिखल असा भेद करीत नाही. सांता मोनिकाला वाळू बसली. खाडीच्या तोंडाशी चिखल बसतो, आणि चिखलावर पुळण होत नाही.

हा गाळ येतो कोठून? मुंबई बंदराच्या पाण्यात भरती-ओहोटीने ढवळला जाणारा पुष्कळसा गाळ जुनाच असतो. नव्याने येणारा गाळ धरमतर खाडीला मिळणाऱ्या अंबा आणि पाताळगंगा या नद्या आणतात. पाताळगंगा म्हणजे खालापूरची नदी. समुद्र न पाहिलेल्या आमच्या तालुक्याचा मांडव्याच्या धक्क्याशी संबंध आला तो असा. कर्जतची उल्हास बदलापूर-कल्याणवरून वसईच्या खाडीला जाऊन मिळते. तिचा हिशेब तिकडे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. किहीमच्या पुळणीवरची वाळू खोपोलीहून येते, असे विधान करणे सोपे आणि टाळ्या घेणारे होईल. पण ते खरे नव्हे. आपल्या नद्या लांबीने तोकड्या. जाड वाळू बहुतांशी पात्रात आणि खाडीच्या वरच्या अंगाला अडकते, बारीक गाळ खाली जातो, त्यातला काही कांदळवने धरून ठेवतात. पुळणीवरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, झिजलेल्या खडकांचे कण असतात आणि समुद्रतळावरचा जुना साठा असतो. नदीचा वाटा ठिकाणागणिक कमीजास्त. तो कोठे किती, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही, आणि मोजलेले तर जवळजवळ काहीच नाही.

तथापि आपल्या नद्यांचे खाते गेल्या शंभर वर्षांत उलटेपालटे झाले आहे, एवढे निश्चित. खोपोलीचे वीजघर १९१५ साली आणि भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. लोणावळा, वळवण, शिरवटा, ठोकरवाडी या तलावांचे पाणी मुळात इंद्रायणी आणि आंध्रा यांच्या खोऱ्यांतले. ते भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचे. त्याला घाटाखाली वळवून आपण वीज केली आणि ते पाताळगंगा व उल्हास यांच्या खोऱ्यांत सोडले. उन्हाळ्यातही पाताळगंगा वाहते ती या पाण्यामुळे. खालापुरातील शेती, कारखाने आणि नळयोजना यांना त्याचा केवढा आधार झाला हे आपण जाणतोच. परंतु हे पाणी आपला गाळ तलावात ठेवून, हलके होऊन खाली येते. पात्र उगाळण्याची ताकद त्याच्याकडे असते, ओझे नसते. जलशास्त्रज्ञ अशा पाण्याला भुकेले पाणी म्हणतात. त्यात भर म्हणून खालापूर तालुक्यातच धावरी नदीवर नवी मुंबई महानगरपालिकेचे मोरबे धरण आहे. धरण पाण्याबरोबर गाळही अडवते. नवी मुंबईच्या नळाचे बिल पाण्याचे येते. अडलेल्या गाळाचे बिल कोणालाच येत नाही.

रेतीचा उपसा हा तिसरा भाग. पूर्वी डुबी मारून किंवा हातपाटीने रेती काढीत. पाण्याखालून बादलीने रेती काढणारा माणूस एका दिवसात किती काढील, याला त्याच्या छातीचीच मर्यादा होती. सक्शन पंपाला छाती नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपककुमार प्रकरणात लहान पट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी बंधनकारक केली; त्यानंतर कागद वाढले, उपसा कितपत घटला ते नदीकाठचे लोक जाणतात. रेती मोजण्याचे आपले माप ब्रासचे, म्हणजे शंभर घनफुटांचे. याच मापाने पुळणही मोजून पाहू. एक किलोमीटर लांब आणि पन्नास मीटर रुंद अशी पुळण सरासरी एक मीटरने खाली गेली तर पन्नास हजार घनमीटर वाळू गेली. हे सुमारे १७,६०० ब्रास झाले. तीन ब्रासच्या ट्रकने ती परत आणू म्हटले तर जवळजवळ सहा हजार खेपा. पात्रातल्या ब्रासला भाव आहे, परवाना आहे, स्वामित्वधन आहे, चोरीही आहे. पुळणीवरच्या ब्रासला भावच नाही. म्हणून ती गेल्याचा तोटा कोणत्याही वहीत दिसत नाही, आणि तिला वाचवण्यासाठी बांधलेल्या भिंतीचा खर्च मात्र पै-पैसह दिसतो.

एकाच्या कृतीचा भार किंमत न मोजता दुसऱ्यावर पडतो, ही गोष्ट पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली मांडली. आमचे विद्यार्थी ती गिरणीच्या धुराच्या उदाहरणाने पाठ करतात. किनाऱ्याचे उदाहरण अधिक अवघड आहे, कारण येथे भार टाकणारा बहुधा सरकारी विभागच असतो आणि सोसणारा शेजारचा विभाग. बंदराची भिंत एका खात्याची, धूपप्रतिबंधक बंधारा दुसऱ्याचा, धरण तिसऱ्याचे, रेतीचा लिलाव महसूल खात्याचा. प्रत्येकाचे काम आपापल्या कागदावर नफ्याचे असते. चारही कागद एका टेबलावर कधी येत नाहीत. भिंतींसाठी लागणारा काळा दगडही कोठल्या तरी डोंगराचा असतो. आमच्या भागात खाणींनी उघडे पडलेले डोंगर महामार्गावरून कोणालाही दिसतात. तेव्हा समुद्रकाठच्या तालुक्यांना जपण्याचा खर्च डोंगराकडच्या तालुक्यांनी का सोसावा, हा आमच्याकडे दबक्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न जसा चूक आहे, तसाच 'तुमचा काय संबंध' हा किनाऱ्यावरून येणारा प्रश्नही चूक आहे.

राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रे तपासून काढलेले आकडे उपलब्ध आहेत. देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे ३४ टक्के किनारा झिजत आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के. जवळपास ६५ टक्के किनारा स्थिर आणि १० टक्के वाढता आहे. आपली स्थिती तुलनेने बरी आहे. झिजणारा चतुर्थांश वाचवण्याच्या घाईत स्थिर असलेले दोनतृतीयांश बिघडवू नयेत, एवढी सावधगिरी हे आकडे सुचवतात. सुटी भिंत हे शस्त्रक्रियेसारखे साधन आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. १९१६ साली स्थापन झालेली. तेथे कुंडात लाटा उत्पन्न करून भिंतींच्या प्रतिकृती तपासल्या जातात. विद्या आपल्याकडे आहे. पण प्रतिकृती चालवायला प्रत्यक्ष किनाऱ्याचे बारमाही मोजमाप लागते, आणि अर्ज करताना ते मोजमाप आपल्याकडे नसते. असते ते आमदारांचे पत्र आणि पावसाळ्यात काढलेले छायाचित्र.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. रायगडच्या कोणत्याही किनाऱ्यावर सुट्या भिंतीचा किंवा बंधाऱ्याचा प्रस्ताव मंजूर करण्यापूर्वी त्या संपूर्ण उपसागराचे, दोन भूशिरांच्या मधल्या पुळणीचे, निदान तीन वर्षांचे ऋतुवार मोजमाप जोडण्याची सक्ती असावी. प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात शेजारच्या गावाच्या पुळणीवरील परिणामासाठी स्वतंत्र रक्कम असावी आणि दरवर्षी वाळू उपसून पुढे टाकण्याचा खर्च पहिल्याच दिवशी दाखवलेला असावा. जेथे घरे धोक्यात आहेत तेथे तात्पुरते संरक्षण ताबडतोब द्यावे. त्यासाठी तीन वर्षे थांबू नये.

मोजमापाला फार पैसा लागत नाही. के. ओ. एमरी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ साली यासाठी दोन काठ्यांची एक पद्धत सांगितली, ती आजही जगभर वापरली जाते. पाच फुटांच्या, खुणा केलेल्या दोन काठ्या घ्यायच्या. एक जमिनीच्या बाजूला, दुसरी ठरावीक अंतरावर समुद्राच्या बाजूला उभी धरायची. मागच्या काठीपाशी उभ्या असलेल्याने पुढच्या काठीचे टोक आणि क्षितिज एका रेषेत आणून मागच्या काठीवरची खूण वाचायची. तेवढ्या अंतरात पुळण किती उतरली ते कळते. असे करीत पाण्यापर्यंत जायचे. दर महिन्याला, त्याच ओहोटीला, त्याच जागेवरून. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या महाविद्यालयांना हे सहज शक्य आहे. भूगोलाच्या प्राध्यापकांना तर हे मी सांगणे म्हणजे आगाऊपणाच.

आमच्याकडे क्षितिज नाही, डोंगर आहेत. तेव्हा आम्ही नदीपुरते ठरवले आहे. पुलाच्या खांबावर रंगाने एक रेघ ओढायची आणि तिच्यापासून पात्रातली वाळू किती खाली आहे ते पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा टेपने मोजून वहीत लिहायचे. ज्या मुलीने प्रश्न विचारला तिने याला अंतर्गत मूल्यमापनाचे गुण मिळणार का, असेही विचारून घेतले. मिळणार नाहीत, असे सांगितले. वहीवर पहिले नाव तिचेच आहे.